अंश आहे, छेद कुठे? एका अहवालाचं वाचन



या मालिकेत आपण एरवी एखादा ग्रंथ हातात घेतो. आज आम्ही एक सरकारी अहवाल घेऊन बसलो आहोत. परवा एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, आता डॉक्टर झालात की काय?" नाही झालो. आम्ही आयुष्यभर नागपुरात तत्त्वज्ञान शिकवलं, पीएच.डी. त्यातच केली. सुई टोचायचं काम आम्हाला येत नाही. पण वाक्य कशावर उभं आहे, पाया केवढा आणि इमला केवढा, हे तपासण्याचं काम थोडंफार येतं. आकडा हेसुद्धा एक वाक्यच असतं. आज तेवढंच करायचं आहे.

अहवाल आहे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा. विषय आहे प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू. आपण बोलताना 'अँटिबायोटिक' म्हणतो, तेच प्रतिजैविक. आयसीएमआरने २०१३ मध्ये या जिवाणूंवर नजर ठेवणारं एक जाळं उभं केलं. देशभरातली २१ प्रादेशिक केंद्रं त्यात आहेत, बहुतेक मोठी रुग्णालयं. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यातलं एक केंद्र आपल्या शेजारी, सेवाग्रामला आहे. १९६९ साली सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ते खेड्यातलं महाविद्यालय. हे जाळं दरवर्षी अहवाल काढतं. २०२३ च्या अहवालात जवळजवळ एक लाख जिवाणू-नमुन्यांचा हिशोब आहे.

त्यातली एकच ओळ सांगतो. क्लेबसिएला न्यूमोनिए नावाचा एक जिवाणू आहे. इमिपेनेम हे औषध डॉक्टर अगदी शेवटी, नाइलाज झाला की काढतात. २०१७ मध्ये या जिवाणूच्या शंभरातल्या सुमारे ५८ नमुन्यांवर ते औषध चालत होतं. २०२३ मध्ये सुमारे ३६ वर. सहा वर्षांत एवढी घसरण. आकडा वाचून घाम फुटायला हवा, आणि आम्हाला फुटलाही. मग आम्ही स्वतःला शिक्षकाचा नेहमीचा प्रश्न विचारला: शंभरातले ३६, हे ठीक, पण हे शंभर कोण?

इथे आधी घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही या अहवालापर्यंत का पोचलो ते कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वहिनी गेल्या. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह होता, पण चालत्याफिरत्या होत्या. लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, एवढ्यावरून सुरुवात झाली. पहिल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. उतार नाही. दुसऱ्यांनी इंजेक्शनं दिली. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा ताप. तिसऱ्या ठिकाणी भरती केलं तेव्हा रक्तदाब खाली गेलेला होता. तिथे रक्ताचं कल्चर पाठवलं. कल्चर म्हणजे काय, की रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत ठेवायचं, जिवाणू असतील तर ते वाढतात, मग ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहायचं. याला दोन-तीन दिवस लागतात. वहिनींकडे तेवढे दिवस नव्हते. रिपोर्ट आला तो अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर.

तेराव्याला पुतण्याने तो कागद आमच्या हातात दिला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकाखाली एक 'आर', 'आर', 'आर'. खाली कुठेतरी एक 'एस'. पुतण्या म्हणाला, "काका, यात एवढे आर कशाचे?" आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद देत नाही तो. आम्ही त्याला तेवढं सांगितलं आणि दुसरा कागद पाहिला, मृत्यूच्या कारणाचा. त्यावर होतं: हृदय व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू. आता बघा, हृदय बंद पडल्याशिवाय कोणी मरत नाही. हे कारण नव्हे, ही मृत्यूची व्याख्या झाली. जिवाणूचं नाव नाही, 'सेप्सिस' हा शब्दसुद्धा नाही.

रुग्णालयाचं नाव आम्ही घेणार नाही. त्यांनी काही लपवलं असं आमचं म्हणणंही नाही. असं सगळीकडेच लिहितात. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या वहिनी कुठल्या आकड्यात आहेत? ते खासगी रुग्णालय आयसीएमआरच्या जाळ्यात नव्हतं, म्हणून अहवालात त्या नाहीत. मृत्यूच्या नोंदीत संसर्ग नाही, म्हणून तिथेही नाहीत. गणित शिकताना आपण अंश आणि छेद शिकलो ना? वहिनी अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत. याच धाग्याला धरून अहवाल वाचू या.

पहिला मुद्दा एककाचा. अहवाल काय मोजतो? तो माणसं मोजत नाही, 'आयसोलेट' मोजतो. म्हणजे प्रयोगशाळेत वेगळा काढलेला जिवाणू. एक लाख आयसोलेट म्हणजे एक लाख आजारी माणसं असा अर्थ आपण वाचक घाईने लावतो. त्यात रक्तातून निघालेले आहेत, लघवीतून, पुवातून, छातीतल्या कफातून निघालेले आहेत. या सगळ्यांचा अर्थ सारखा नाही. कफात अ‍ॅसिनेटोबॅक्टर सापडला, तर तो रोग करतो आहे की नुसता भाडेकरू म्हणून राहतो आहे, हे सांगणं कठीण. रक्ताचं तसं नाही. रक्त, मेंदूभोवतीचं पाणी, या जागा जिवाणूंनी असूच नये अशा. तिथे तो सापडला तर, कातडीवरचा एखादा जिवाणू सुईबरोबर चुकून आला नसेल तर, तो आजारच. म्हणून जगभर जिवाणूंवर नजर ठेवणारे लोक अशा खोल शिरलेल्या संसर्गावर भर देतात. तिथे 'आहे' या शब्दाचा अर्थ पक्का असतो. आयसीएमआरचा अहवाल रक्ताचे नमुने वेगळे दाखवतो, हे त्याचं श्रेय. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र सगळी भेळ होते.

दुसरा मुद्दा छेदाचा, आणि तो आमच्या मते कळीचा आहे. आपण एक कल्पित तालुका घेऊ. कल्पित आहे, कृपया हे आकडे कुठे छापू नका. या तालुक्यात वर्षभरात १०० माणसांच्या रक्तात ई. कोलाय शिरला. त्यातल्या ३० जणांचा जिवाणू औषधाला दाद न देणारा, ७० जणांचा साधा. म्हणजे प्रतिरोध ३० टक्के, हे सत्य. आता नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात कोण येतं? साध्या जिवाणूवाले बहुतेक गावातल्या औषधाने बरे होतात. ७० पैकी १० जण येतात. दाद न देणारे बरे होत नाहीत. ३० पैकी १५ जण येतात. राहिलेले १५? काही उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नमुने किती? २५. त्यात दाद न देणारे १५. अहवाल काय म्हणेल? प्रतिरोध ६० टक्के.

कोणी खोटं बोललं का? नाही. प्रयोगशाळा बरोबर, बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. तरी ३० चे ६० झाले. आणि त्याच वेळी १०० आजाऱ्यांपैकी ७५ जण अहवालाला दिसलेच नाहीत. म्हणजे टक्केवारी फुगली आणि संख्या आटली. दोन चुका उलट्या दिशांच्या आहेत म्हणून एकमेकींना खोडतील असं समजू नका. त्या दोन वेगळ्या प्रश्नांच्या चुका आहेत. एक प्रश्न डॉक्टरांचा: समोरच्या रुग्णाला कोणतं औषध देऊ? दुसरा समाजाचा: आपली किती माणसं यात जातात? हा अहवाल पहिल्याला वाढवून उत्तर देतो, आणि दुसऱ्याला देऊच शकत नाही.

यात आणखी एक चाळणी आहे. आपल्याकडे कल्चर पाठवतात ते बहुधा आधी दोन-तीन औषधं देऊन झाल्यावर, वहिनींच्या बाबतीत झालं तसं. औषधाने साधे जिवाणू आधीच मेलेले असतात. बाटलीत वाढतो तो उरलेला, निबर.

"मग काय बिघडलं? थोडं घाबरलेलं बरं," असं कोणी म्हणेल. बिघडतं ते असं. तालुक्याच्या डॉक्टरांनी ६० टक्क्यांचा मथळा वाचला तर ते म्हणतील, साधं औषध चालणारच नाही, सरळ मेरोपेनेम लावा. ज्या ७० जणांना साध्या औषधाने गुण आला असता, त्यांनाही भारी औषध. आणि भारी औषध जितकं वापराल तितके त्याला न जुमानणारे जिवाणू तगतील. म्हणजे आज फुगलेला आकडा उद्या खरा होऊ लागतो. चुकीच्या वर्णनाने वस्तुस्थितीच बदलावी, असं नेहमी होत नाही, इथे होतं. म्हणून हा वाद पंडितांचा नाही.

इथे अहवालावर अन्याय होऊ नये. आपली माहिती मोठ्या, अतिविशेष उपचारांच्या रुग्णालयांतून येते, हे तो स्वतःच सांगतो. लेखकाने मर्यादा सांगितली आणि वाचकाने ती गाळली, तर दोष वाचकाचा. पण दहा वर्षं तीच मर्यादा सांगत राहायची आणि हलवायची नाही, हा दोष मात्र व्यवस्थेचा.

तिसरा मुद्दा आमच्या घरच्या शास्त्रातला. कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी आणि पुढे अद्वैत्यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? घडा दिसत नाही यावरून. पण त्यांनी एक अट घातली. ती अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे, घडा असता तर तो दिसला असता अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून 'घडा नाही' म्हणता येत नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भामरागड, धारणी, कोरची. तिथून औषधाला दाद न देणाऱ्या रक्तसंसर्गाची बातमी येत नाही. म्हणून तिथे तो नाही? तिथे कल्चरची बाटली कुठे आहे? ती उबवणारं यंत्र, ते वाचणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कुठे आहे? दिवा न लावता घडा शोधण्यातला हा प्रकार. गंमत बघा, सरकारी मराठीत याला शब्द आहे 'सर्वेक्षण'. सर्व अधिक ईक्षण, सगळं पाहणं. शब्द 'सर्व' म्हणतो आणि दिवा २१ खोल्यांत आहे. त्याशिवाय राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं, एनसीडीसीचं, दुसरं जाळं आहे, तेही मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांचं. दिवे वाढले, पण त्याच वाड्यात.

आता विदर्भातलीच दुसरी बाजू पाहू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत एक काम केलं. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळ जन्मल्यावर ती घरी जाई, वजन घेई, श्वास मोजी, दूध ओढतं का ते पाही. ठरलेली लक्षणं दिसली की बाळाला जंतुसंसर्ग धरून जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत कोट्रायमोक्सॅझोल देई. प्रयोगशाळा नाही, बाटली नाही, जिवाणूचं नाव नाही. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये ते छापून आलं आणि जगाने त्याची दखल घेतली.

हे त्यांना ठामपणे म्हणता कशामुळे आलं? त्यांच्याकडे छेद होता. गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ आणि गेलेलं प्रत्येक बाळ त्यांच्या वहीत होतं. पुढे २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालात बंगांनी आणि राज्यातल्या इतर संस्थांनी मिळून दाखवलं की महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी दप्तरापेक्षा कितीतरी जास्त आहेत. तोही छेदाचाच मुद्दा. आधी मोजा, मग बोला.

आता दोन्ही शेजारी ठेवा. गडचिरोलीकडे माणसं मोजलेली होती, जिवाणू ओळखलेला नव्हता. अहवालाकडे जिवाणू अगदी जनुकापर्यंत ओळखलेला आहे, माणसं मोजलेली नाहीत. सेवाग्राम ते शोधग्राम हे अंतर गाडीने काही तासांचं. पण ज्ञानाच्या या दोन पद्धती अजून एका ताटात जेवलेल्या नाहीत. आणि त्या जेवल्याशिवाय एक साधा, भयंकर प्रश्न सुटणार नाही: तेव्हा ज्या जेंटामायसिनने बाळं वाचली, ते आज त्याच गावांतल्या किती बाळांना लागू पडेल?

हा प्रश्न आम्ही उगाच भीती घालायला काढलेला नाही. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांनी २०११ ते २०१४ मध्ये नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा अभ्यास केला. तिथे ८८,६३६ जन्म झाले, त्यातली १३,५३० बाळं अतिदक्षता विभागात आली आणि त्या सगळ्यांचा पाठपुरावा झाला. बघा, छेद मांडता येतो. त्या बाळांत सर्वाधिक सापडला अ‍ॅसिनेटोबॅक्टर, आणि त्याचे पाचांतले चार नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. पण ही रुग्णालयांत जन्मलेली बाळं. गडचिरोलीच्या झोपडीतल्या बाळाच्या रक्तात हाच जिवाणू असेल, असं यावरून म्हणता येत नाही. नसेल, असंही नाही. पुन्हा तोच अंधारातला घडा.

चौथा मुद्दा अंदाजांचा. तुम्ही वाचलं असेल, भारतात एका वर्षात या जिवाणूंमुळे तीन लाख लोक मेले. दुसरीकडे वाचलं असेल, दहा लाख. दोन्ही आकडे एकाच जागतिक अभ्यासाचे आहेत, २०१९ या वर्षाचे. कसे? इथे आमच्या विषयातली 'जर-तर'ची विधानं कामाला येतात. 'दहा लाख' म्हणजे: जर या माणसांना तो संसर्गच झाला नसता, तर जे वाचले असते. 'तीन लाख' म्हणजे: संसर्ग झाला असता, पण साध्या, औषधाला दाद देणाऱ्या जिवाणूचा, तर जे वाचले असते. दोन वेगळी काल्पनिक जगं आहेत आणि दोन्ही आकडे आपापल्या जगापुरते रास्त आहेत. पण मथळ्यात 'जर' गळून पडतो आणि 'तर' तेवढा उरतो.

शिवाय हे मृत्यू कोणी एकेक करून मोजलेले नाहीत. आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले २०२० मध्ये सुमारे साडेबावीस टक्के होते. आणि त्या प्रमाणपत्रांत आमच्या वहिनींसारखी 'हृदयक्रिया बंद' किती असतील! तेव्हा हा आकडा गणिती नमुन्यातून काढलेला अंदाज आहे. अंदाज वाईट नसतो. पिकाची नजर-आणेवारी काढतात तशी ती गोष्ट. पण आणेवारीला कोणी धान्याचं पोतं म्हणत नाही.

पाचवा मुद्दा नावाचा आहे. तो थोडक्यात सांगतो, पण सोडत नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात एक लेख आला आणि 'न्यू दिल्ली' हे नाव असलेलं एनडीएम-१ हे विकर घराघरांत पोचलं. हे विकर ज्या जिवाणूत असतं तो शेवटच्या फळीतल्या औषधांनाही पचवतो. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका रुग्णात ते आधी सापडलं होतं, त्यावरून नाव पडलं. आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट, काय काय. शहराचं नाव असं डकवणं बरं नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे पाच महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात लिहिलं होतं की त्यांच्याकडच्या २४ पैकी २२ नमुन्यांत हे विकर सापडलं. मुंबईच्या लोकांनी मुंबईत शोधून भारतात छापलं. तेव्हा संसदेत कोणी उठलं नाही. पुढे २०११ मध्ये दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत हा जनुक सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पुन्हा राग, पुन्हा खंडन.

आम्हाला यात एक जुनी खोड दिसते. आपण मोजणाऱ्यावर रागावतो. बाहेरच्याने मोजलं तर कट म्हणतो, घरच्याने मोजलं तर वाचत नाही.

ज्यांनी वेगळं केलं त्यांचं एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये २००१ पासून एमआरएसए या जिवाणूचा रक्तसंसर्ग प्रत्येक सरकारी रुग्णालय-संस्थेने कळवणं सक्तीचं झालं आणि आकडे संस्थेच्या नावानिशी छापले जाऊ लागले. २००४ मध्ये सरकारने ठरवलं, २००८ पर्यंत हे निम्म्यावर आणायचं. ते निम्म्याहूनही खाली आलं. नुसत्या मोजण्याने आलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. हात धुणं, शिरेत घातलेल्या नळ्यांची निगा, अधिकाऱ्यांवरचा दबाव, सगळं होतं. पण मोजल्याशिवाय दबाव कशाच्या जोरावर आणणार?

आता आक्षेप. पहिला, आणि तो खरा आहे: नावं छापली तर रुग्णालयं कल्चर पाठवणंच बंद करतील. बाटली नाही तर जिवाणू नाही, बदनामी नाही! म्हणून आमचं म्हणणं आहे की संसर्गाच्या आधी कल्चरची संख्या छापा. भरती रुग्णांच्या दर हजार दिवसांमागे किती रक्ताच्या बाटल्या पाठवल्या? जिथे हा आकडा कमी, तिथे 'संसर्ग कमी' या दाव्याला किंमत शून्य. योग्यानुपलब्धी हीच: आधी दिवा दाखवा, मग सांगा घडा नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. "सर, खेड्यात पॅरासिटामॉल नाही आणि तुम्ही कल्चर मागता." मान्य. म्हणून सगळीकडे मागत नाही. ज्या दोन-चार तालुक्यांत माणसं मोजलेली आहेत, तिथल्या तालुका आणि जिल्हा रुग्णालयांत औषध सुरू करण्याआधी रक्ताची बाटली घ्यावी, फुकट, आणि ती जवळच्या चांगल्या प्रयोगशाळेत जावी. विदर्भात माणसं मोजायची परंपरा आहे, उत्तम प्रयोगशाळा आहे. नवं काही उभारायचं नाही, जोडायचं आहे. तालुके थोडे असले तरी चालतील, छेद पूर्ण हवा.

तिसरा आक्षेप: हे काम होतच आहे. हो, थोडं होतं आहे. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गांचं एक जाळं चालतं. ते शिरेतली नळी किती दिवस होती हे मोजून, त्या दिवसांच्या प्रमाणात संसर्ग सांगतं. तो छेद आहे, अतिदक्षता विभागापुरता. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतःचा कृती आराखडा केला. देशाचा पहिला आराखडा २०१७ चा, दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की २०२३ मध्ये जगात प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या दर सहा संसर्गांत एक दाद न देणारा होता, आणि आपल्या आग्नेय आशिया विभागात दर तिनांत एक. 'प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या' हे शब्द आता तुम्ही सोडणार नाही, अशी आशा आहे.

शेवटी नागपूर. छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबाद, सगळीकडचे आजारी आपल्याकडे येतात. मेयो, मेडिकल, एम्स, शिवाय धंतोली-रामदासपेठेच्या गल्ल्यांतली रुग्णालयं. डेंग्यूचे आकडे पेपरात येतात, पावसाचे येतात, धरणात पाणी किती टक्के ते येतं. तसं वर्षातून एकदा एक पान यावं: या शहरात रक्ताची कल्चरं किती झाली, त्यात जिवाणू किती सापडले, त्यातल्या किती जणांनी आधी बाहेर औषधं घेतली होती, कोणतं साधं औषध अजून चालतं. शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण नेहमी काय निकामी झालं तेच छापतो. काय अजून चालतं हे तालुक्याच्या डॉक्टरांना कळलं, तर ते हात आखडता घेतील.

आणि एक काम आपल्या हातातलं. घरात कोणाला तीव्र ताप येऊन भरती करायची वेळ आली, तर नम्रपणे विचारायचं: "डॉक्टर, औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायचं का?" उपचार मात्र थांबवायचा नाही, अत्यवस्थ रुग्णाला पहिल्या तासाचं मोल फार. बाटली घ्यायला काही मिनिटं पुरतात. आणि दुर्दैवाने माणूस गेलंच, तर मृत्यूच्या कागदावर खरं कारण लिहा असा आग्रह धरायचा. त्या वेळी हे सुचत नाही, आम्हालाही सुचलं नाही. पुतण्याला आम्ही 'आर' चा अर्थ सांगितला, पण दुसऱ्या कागदाचं काय करायचं ते सांगितलं नाही. आज म्हणून बोलतो आहोत.

अहवाल वाईट नाही. तो अपुऱ्या उजेडात केलेलं प्रामाणिक काम आहे. टीका करायची ती उजेड वाढावा म्हणून, दिवा विझावा म्हणून नव्हे. त्या एक लाखांत वहिनी नाहीत, आणि त्यांच्यासारखे किती नाहीत हे सांगणारी वही अजून कोणी उघडलेली नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. डॉक्टर मंडळींनी आमच्या चुका जरूर दाखवाव्यात; पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू. नमस्कार.